‘कस्टम मेड’ पाटीखाली दोन भोकं असतात

जुन्या गिब्सन गिटारींच्या खरेदी-विक्रीत एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय, आणि गेल्या महिन्यात तो माझ्याकडे तिसऱ्यांदा आला. म्हणणं असं: साठच्या दशकातल्या ईएस-335 या इलेक्ट्रिक गिटारीवर ब्रिजच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) मागे ‘कस्टम मेड’ कोरलेली छोटी काळी पाटी दिसली, की ती गिटार कारखान्यानं एखाद्या खास गिऱ्हाइकासाठी वेगळी घडवलेली समजावी. अशा गिटारी मोजक्याच निघाल्या, म्हणून त्यांना जास्त पैसे मोजावेत. आणि पाटी जागेवर असेल, तर गिटारीला कुणी हात लावलेला नाही याचा तोच पुरावा.

तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. आपल्याकडचे काही जण आता परदेशातल्या नातेवाइकांकरवी अशी वाद्यं शोधायला लागलेत, आणि यात पैसे थोडेथोडके जात नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ‘खास घडवलेली’. 335 बाजारात आली 1958 साली. तिच्या तारा मागच्या बाजूला ‘स्टॉप टेलपीस’ नावाच्या आडव्या धातूच्या पट्टीत अडकवलेल्या असत, आणि ती पट्टी दोन जाड स्टडवर बसे. हे स्टड बसवायला गिटारीच्या पोटातल्या मॅपलच्या ठोकळ्यात दोन चांगली मोठी भोकं पाडावी लागत. दोघांमधलं अंतर साधारण 82 मिलिमीटर. आता काही गिऱ्हाइकांना ही पट्टी नको असायची. त्यांना हवा असायचा बिग्ज्बी, म्हणजे दांडी हलवून सूर थरथरवायची सोय. ती गिब्सनची नव्हे, कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्ज्बीची. गिब्सन ती विकत घेऊन, जादा पैसे आकारून बसवून देई. पण मिशिगनमधल्या कलामझूच्या गिब्सनच्या कारखान्यात गिटारीच्या कितीतरी अंगांना (बॉडींना) स्टडची भोकं आधीच पाडलेली असत. बिग्ज्बीची ऑर्डर आली की त्यातलंच एखादं अंग उचललं जाई. बिग्ज्बी मागच्या काठाला धरून बसतो, त्यामुळे ब्रिज आणि बिग्ज्बी यांच्या मधोमध ती दोन भोकं उघडी पडत. त्यांच्यावर काळ्या प्लॅस्टिकची पट्टी ठोकली, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘कस्टम मेड’ कोरलं, आणि गिटार पेटीत गेली.

काही गिटारींवर पाटीऐवजी त्याच भोकांत शिंपल्याच्या गोल चकत्या बसवलेल्या सापडतात. काम तेच, झाकण वेगळं.

‘कस्टम मेड’ हे शब्द अगदीच खोटे होते असं मात्र मी म्हणणार नाही. नेहमीचा टेलपीस सोडून दुसरा मागितला, म्हणजे ऑर्डर वेगळी झालीच. पण वेगळेपण तेवढ्यावरच संपतं. अंग, गळा, पिकअप (तारांचा सूर टिपणारे चुंबक), सगळं इतर 335 सारखंच.

अजून पटत नसेल तर ईएस-355 कडे बघा. याच घराण्यातली सगळ्यात महागडी, सोनेरी धातूकाम, कडेला जाड बाइंडिंग (शोभेची पट्टी). सुरुवातीच्या 355 ला बिग्ज्बी नेहमीच्या साजातच असायचा, त्यामुळे स्टडची भोकं पाडायचं कारण नव्हतं. आणि तिच्यावर ही पाटी सहसा नसते. पाटी मानाची असती तर सगळ्यात आधी 355 वर लागली असती. ती लागली जिथे भोकं होती तिथे.

दुसरी गोष्ट, ‘जास्त किमतीची’. इथे बाजार नेमका उलट चालतो. त्याच वर्षाची, त्याच अवस्थेतली, मुळातून स्टॉप टेलपीस असलेली 335 बिग्ज्बीवालीपेक्षा महाग जाते. म्हणूनच अनेकांनी मागच्या काही दशकांत बिग्ज्बी उतरवला, पाटी काढली आणि तयार भोकांत स्टड बसवून टाकले. तेव्हा स्टॉप टेलपीसची म्हणून कुणी गिटार दाखवली, तर मागच्या काठाचा आणि काठालगतच्या वरच्या भागाचा जवळून फोटो मागवा. बिग्ज्बीच्या स्क्रूंची बुजवलेली भोकं तिथे लपत नाहीत. 1965 पासून 335 ला ट्रॅपीझ टेलपीस येऊ लागला, तोही मागच्या काठालाच अडकतो. मग स्टडची भोकंच गेली.

तिसरी गोष्ट, ‘मूळ असल्याचा पुरावा’, सगळ्यात धोक्याची. नवी कोरी ‘कस्टम मेड’ पाटी आज कुणीही घरबसल्या मागवू शकतो. कुणीतरी नंतर बिग्ज्बी लावला आणि भोकांवर अशी पाटी ठोकली, की समोरून बघणाऱ्याला कारखान्याचंच काम वाटेल.

मग ओळखायचं कसं? माझ्या मावसभावाकडे शिकागोला 1964 ची चेरी रंगाची 335 आहे, पाटीवाली. त्या काळचा हा लाल रंग उजेडानं विटतो, आणि ही गिटार तर टरबुजाच्या गरासारखी फिकट गुलाबी झालेली. दुरुस्ती करणाऱ्यानं टेबलावर मऊ कापड अंथरून पाटी उचलली तेव्हा मी तिथे होतो. खाली दोन काळी भोकं, आणि त्यांच्याभोवती पाटीच्या मापाचा एक आयत, डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद लाल. कडा इतक्या रेखीव की पट्टी लावून आखल्यासारख्या. त्या आयताला ऊन कधी लागलंच नव्हतं. पाटी गेल्या पाच-दहा वर्षांत लावलेली असती, तर खालचं लाकूडही आजूबाजूइतकंच फिकट निघालं असतं.

प्रत्येकानं पाटी उचकटून बघावी असं मी अजिबात सुचवत नाही. साठ वर्षांचं लॅकर पाटीला चिकटून टवका उडू शकतो. आधी तिरप्या उजेडात पाटीची कड बघा. ती कणभर जरी सरकलेली असेल, तर गडद रंगाची बारीक रेघ बाहेर डोकावते. (सनबर्स्ट, म्हणजे कडेला गडद आणि मधे फिकट रंगवलेल्या गिटारीत हे इतकं सोपं नाही, तिथे जाणकार माणूसच हवा.) आणि सौदा ठरवताना भाव बिग्ज्बीवाल्या 335 चाच धरा, पाटीपायी वर एक रुपया देऊ नका.

भावाला त्या दिवशी स्टॉप टेलपीस बसवून घ्यायचा मोह झाला होता. भोकं तयारच होती, तासाभराचं काम. पण बिग्ज्बी काढला असता तर त्याच्या स्क्रूंची भोकं उघडी पडली असती आणि ती झाकायला कुठली पाटी नव्हती. मग तीच पाटी, त्याच खिळ्यांनी, जुन्याच जागी परत बसवली.