सामाईक हार्ड डिस्क

राउटरच्या पाठीमागे यूएसबीचं एक भोक असतं. त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही तोवर घर सुखी असतं. आमच्या पुतण्याचं गेलं. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात त्यानं जाहीर केलं की, हार्ड डिस्क आता इथं लावायची आणि ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत बसून बघायचं.

तोवर काकांना कुस्तीची मैदानं बघायची झाली की ते जिन्यातून ओरडायचे, "आरं, त्यो डबा खाली दे की!" पिशवीला दोरी बांधून डिस्क खाली जायची. पासवर्ड कधी लागला नाही.

डिस्क राउटरला जोडली. ती टक्-टक् करून गप्प झाली. यूएसबी 2.0 च्या भोकातून नियमानं 500 मिलिअँपिअर मिळतात आणि आमच्या डिस्कची तबकडी फिरायला लागतानाच त्याहून जास्त मागते. म्हणून राजारामपुरीतून स्वतःचा अडॅप्टर असलेला हब आणला. डिस्क फिरली, पण लॅपटॉप म्हणे असा पत्ताच सापडत नाही.

यामागचं कारण मात्र ऐकण्यासारखं आहे. नेटवर्कवरून फायली देण्या-घेण्याची कॉम्प्युटरची एक भाषा असते, एसएमबी. आमचा राउटर तिची पहिली, म्हातारी आवृत्तीच तेवढी बोलायचा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातले कॉम्प्युटर ओलीस धरले, ते तिच्यातल्याच एका भोकातून. त्याच वर्षी आलेल्या विंडोज 10 च्या 1709 आवृत्तीपासून नव्यानं विंडोज टाकलं की ती एकतर मुळात बंदच असते, नाहीतर काही दिवस वापरली नाही की आपोआप निघून जाते. पुतण्या म्हणाला, "चालू करून टाकूया की!" चोर शिरलेलं दार सिनेमे बघायला उघडायचं, हे मला पटेना. त्यापेक्षा राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या पोटातलं सॉफ्टवेअर, नवं करायचं ठरलं.

पडद्यावर सूचना आली, 'वीज बंद करू नका.' आमच्याकडे मिक्सर लावला की कधीकधी फ्यूज उडतो आणि तो रविवार होता. वहिनी पांढऱ्या रश्श्याचं खोबरं घेऊन उभ्या. मी म्हणालो, "वहिनी, जरा थांबा."

"भावजी, मग रस्सा काय तुमच्या राउटरवर उकळतो व्हय मी?"

त्या थांबल्या, पण त्या दिवशी माझ्या ताटात मटणापेक्षा हाडं जास्त होती.

एवढं करून डिस्क दिसली. पण आमच्या भिंती दीड हात जाड, काळ्या दगडाच्या. किरणोत्सवात सूर्यकिरणं अंबाबाईच्या चरणांवरून कमरेपर्यंत आणि मग चेहऱ्यापर्यंत चढतात, तिथं निदान वाटेतले अडथळे तरी काढतात. आमचा वाय-फायचा 5 गिगाहर्ट्झचा किरण सोप्यातून निघतो आणि माजघराच्या उंबऱ्यावरच थबकतो. 2.4 चा आत पोचतो, पण दमून. त्यातून खोक्यावर यूएसबीचा वेग सेकंदाला 480 मेगाबिट छापलेला असतो, त्याचे मेगाबाइट करायला आठनं भागायचं आणि राउटरच्या एवढ्याशा प्रोसेसरला जे झेपेल ते पदरात घ्यायचं. काकांचा पैलवान घिस्सा मारायला वाकला की पडद्यावर गोल चक्र सुरू. "आरं, चितपट कोण झालं ते तरी सांगा!" ते खालून ओरडतात. पडलेल्या पैलवानालासुद्धा इतका वेळ कुणी आभाळ दाखवत नाही.

टीव्ही मात्र राउटरला खेटूनच आहे. तिथं कसलाच अडथळा नाही आणि राउटरचा मीडिया सर्व्हर तर अति उत्साही. डिस्कवरचा प्रत्येक फोटो तो न विचारता टीव्हीपुढं मांडतो. वहिनींना लग्नाचा अल्बम हवा होता. रिमोटचं बटण दोनदा दाबलं गेलं आणि पुतण्याचं 'अभ्यास' नावाचं फोल्डर उघडलं. समोर गोव्याचा समुद्र, सहा पोरं आणि मधोमध आमचे चिरंजीव, हातात हिरवी बाटली.

पुतण्या ताडकन उठला आणि सेफली रिमूव्ह वगैरे काही न करता त्यानं डिस्क उपटली. पण एकदा टीव्हीवर आलेला फोटो डिस्क उपटली म्हणून लगेच जात नाही.

"लई क्लिअर दिसालंय की," आई चष्मा पुसत म्हणाली.

दादानं फोटो नीट न्याहाळला. "कुठलं सेमिस्टर रं हे?"