‘क्लाउड बंद करा, सगळं मोकळं होईल’ हे खरं नाही

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘आयपॅडवर आयक्लाउड बंद करा. फोटो टॅबमध्येच राहतात, जागा मोकळी होते, दरमहा कापले जाणारे पैसे वाचतात आणि कंपनीकडे आपलं काही उरत नाही.’ आयक्लाउड म्हणजे अॅपल कंपनीची इंटरनेटवरची साठवणीची जागा. मेसेजमधला एकही दावा जसाच्या तसा खरा नाही. ज्येष्ठ मंडळी हा मेसेज वाचून लगेच सेटिंग्ज उघडतात, म्हणून हे लिहितोय.

‘फोटो टॅबमध्येच राहतात.’ सगळ्यात धोकादायक दावा हाच. ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ ही जागा वाचवणारी सेटिंग चालू असेल आणि टॅबवर जागा कमी असेल, तर मूळ फोटो क्लाउडमध्ये असतात आणि टॅबवर फक्त छोटी प्रत दिसते. फोटोंचं सिंक (टॅब आणि क्लाउडमधली देवाणघेवाण) बंद करताना टॅब विचारतो, मूळ फोटो उतरवून घ्यायचे की इथून काढून टाकायचे? घाईत ‘काढून टाका’ दाबलं की नातवंडांचा अख्खा अल्बम दिसेनासा होतो. तो क्लाउडमध्ये शाबूत असतो, पण हे माहीत नसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. उतरवून घ्यायचे म्हटलं तर 64 जीबीच्या टॅबवर 120 जीबीचे फोटो मावणार कुठे? मूळ फोटो उतरवले की टॅब उलट भरतो, म्हणजे जागेचा दावाही निकालात निघाला.

पैशांचं म्हणाल तर सिंक बंद करायचा स्विच आणि जास्तीच्या जागेसाठी दरमहा पैसे घेणारा प्लॅन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅन वेगळा रद्द केला नाही तर पैसे कापले जातच राहतात. या बाबतीत लोकांची चिडचिड रास्त आहे. या दोन्ही गोष्टी एकाच जागी असायला हव्या होत्या. प्लॅन सोडल्यावर फुकट मिळतात 5 जीबी, आणि त्याच खात्यावरच्या फोनचा बॅकअपही त्यातच मोजला जातो.

कंपनीकडे काही उरत नाही? स्विच त्या टॅबची देवाणघेवाण थांबवतो, आधी चढवलेलं तसंच राहतं. अँड्रॉइड टॅबवर गूगल फोटोजचा बॅकअप बंद केला तरी हेच होतं.

काही जण पुढे जोडतात, ‘सरळ साइन आउट करा.’ कृपा करून नको. त्याने हरवलेला टॅब शोधून देणारं ‘फाइंड माय’ही बंद होतं, आणि टॅब लोकलच्या रॅकवर राहिला तर शोधायचा कसा?

बंदच करायचं असेल तर आधी मूळ फोटो कम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवा आणि त्यातले काही उघडून तपासा. मग सिंक बंद करा. प्लॅन सगळ्यात शेवटी.