‘लहरींच्या मशीन’बद्दल खुलासा
गावच्या ग्रुपवर फिरतंय: “तोंड वाकडं झालं? अल्ट्रासॉनिक लहरींनी बिनटाक्याचं ऑपरेशन, नसेला धक्काच लागत नाही.” हे खरं नाही. नागपूरला कानाच्या ऑपरेशन थिएटरात मी नर्स आहे, हे यंत्र स्वतः लावून देते. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद नळीतून जाते; ती तिथं दबली तर ऑपरेशनमध्ये हाड कापून तिला मोकळं करतात. यंत्राचं टोक सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा थरथरून हाड कापतं. मऊ भागाला ड्रिलपेक्षा धोका कमी, एवढं खरं. पण कानामागे चिरा द्यावाच लागतो, टाकेही पडतात. टोक थंड ठेवणारी सलाईनची धार थांबली तर ते तापून नस भाजू शकते.

मुळात अचानक तोंड वाकडं झालेल्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू व्हायला हव्यात. वर्ध्याकडच्या एक मावशी हाच मेसेज धरून पाच दिवस घरी थांबल्या. तोंडासोबत हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं तर तो पक्षाघात असू शकतो, तासभरही थांबू नका. तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका. आला असेल तिथंच खाली हा खुलासा टाका.