मावशीच्या फोनचं अपडेट बंद करायला लावणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

मागच्या रविवारी कऱ्हाडला मावशीकडे गेले होते. जेवणं झाल्यावर तिने फोन पुढे केला. "बघ गं जरा, बँकेचं ॲप चार दिवस झाले उघडतच नाही." ॲप उघडल्यावर निरोप दिसत होता की ही आवृत्ती आता चालणार नाही, नवीन घ्या. प्ले स्टोअरमध्ये गेले, तर चाळीसेक ॲप्स अपडेटविना पडून होती. मग सेटिंगमध्ये जाऊन फोनची सुरक्षा अपडेटची तारीख पाहिली. चौदा महिन्यांपूर्वीची.

"मावशी, हे बंद कुणी केलं?"

"मीच सांगितलं शेजारच्या मुलाला करायला. भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता ना, सगळ्यांनीच केलंय."

तो मेसेज तिने मला दाखवला. त्याचा गोषवारा असा: चांगलं सॉफ्टवेअर एकदाच बनतं, दर महिन्याला अपडेट येतं म्हणजे इंजिनिअर बेजबाबदार आहेत, अपडेट हा फोन स्लो करून नवीन घ्यायला लावण्याचा डाव आहे, अपडेटमधून तुमचे फोटो कंपनीकडे जातात, अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेघ येते, अपडेटच्या लिंकमुळे लोकांची बँक खाती रिकामी झाली, म्हणून ऑटो-अपडेट कायमचं बंद करा आणि हा मेसेज दहा जणांना पाठवा.

मी नऊ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, शोधायचा, नीट लिहून काढायचा, तो बगच आहे हे डेव्हलपरला पटवून द्यायचं आणि दुरुस्त होऊन आला की पुन्हा तपासायचा, हे माझं रोजचं काम. मावशीसारखी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई असल्या मेसेजवर विश्वास ठेवून बसते, याचा मला संताप आला. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"चांगली वस्तू एकदाच बनते. जुन्या नोकियाला कधी अपडेट लागलं का?"

लागत होतं. फक्त ते घरबसल्या मिळत नव्हतं. मोबाइलच्या दुकानात 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणायचे, ते काय होतं? केबल लावून फोनमधलं सॉफ्टवेअर पुन्हा भरायचे. आणि व्हायरस, बग म्हणाल तर २००४ मध्ये ब्लूटूथवरून नोकियाच्या फोनांत पसरणारा 'कॅबिर' नावाचा व्हायरस निघाला होता. २००८ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनमधल्या एका परिषदेत टोबियास एंगेल या संशोधकाने दाखवून दिलं, की विशिष्ट पद्धतीने लिहिलेला एसएमएस पाठवला तर नोकियाच्या अनेक स्मार्टफोनवर पुढचे एसएमएस येणंच बंद होतं. पण त्या काळी ओटीपीवर कुणाचा संसार चालत नव्हता. नोकिया ३३१० मध्ये बँक नव्हती, आधार नव्हतं, डिजिलॉकर नव्हतं. चोरण्यासारखं काही नव्हतं आणि चोराला आत यायला रस्ताही नव्हता.

मग दर महिन्यालाच का? याचं उत्तर २०१५ सालात आहे. त्या जुलैमध्ये अँड्रॉइडच्या 'स्टेजफ्राइट' नावाच्या भागातल्या चुका जाहीर झाल्या. हा भाग व्हिडिओ वाचायचं काम करतो. कुणी मुद्दाम बिघडवलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवला, तर तो तुम्ही उघडायच्या आधीच फोन तो वाचायला घ्यायचा आणि तिथेच हल्लेखोर आत शिरू शकायचा. धोका असलेल्या फोनांचा त्या वेळचा अंदाज होता सुमारे ९५ कोटी. तोवर सुरक्षेच्या दुरुस्त्या फोनपर्यंत पोचवायचं ठरलेलं वेळापत्रक नव्हतं. ऑगस्ट २०१५ पासून गूगलने ते मासिक केलं, आणि त्या महिन्यात काय काय बुजवलं याची यादी दर महिन्याला जाहीर होते. म्हणजे मेसेज ज्याला बेजबाबदारपणाचा पुरावा म्हणतो, ते जबाबदारी घ्यायला लावल्यावर सुरू झालं.

यात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मला मान्य करावीच लागेल. घाईघाईने बाजारात आणायचं आणि मग अपडेटमधून निस्तरायचं, हे आमच्या धंद्यात चालतं. रिलीजची तारीख हलत नाही, बग मात्र पुढच्या आवृत्तीत ढकलले जातात. मी स्वतः नोंदवलेले कितीतरी बग असे ढकललेले पाहिलेत. पण घर बांधताना कंत्राटदाराने गळती ठेवली म्हणून ती दुरुस्त करायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणार का?

"ऑटो-अपडेट कायमचं बंद करा, त्यातच सुरक्षितता आहे."

अख्ख्या मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा हा आहे, आणि मावशीने नेमका तोच अमलात आणला.

एकच उदाहरण देते, पण ते नीट वाचा. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणारे स्टिकर 'वेबपी' नावाच्या प्रकारातली चित्रं असतात. ही चित्रं उलगडून दाखवणारा कोड जवळपास सगळेच वापरतात. अँड्रॉइडमध्ये तोच, क्रोममध्ये तोच, इतर असंख्य ॲप्समध्ये तोच. चित्र उलगडताना हा कोड मेमरीत काही तक्ते मांडतो. तक्त्यांसाठी किती जागा लागेल हे आधीच ठरवून तेवढी राखलेली असते. सप्टेंबर २०२३ मध्ये उघड झालं की विशिष्ट पद्धतीने बिघडवलेलं चित्र दिलं, तर तक्ता राखलेल्या जागेबाहेर लिहिला जातो. वहीचा समास ओलांडून शेजारच्या पानावर लिहावं तसं. आणि शेजारच्या पानावर काय लिहायचं हे चित्र पाठवणारा ठरवू शकतो.

ही चूक कशी सापडली? टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबला वॉशिंग्टनमधल्या एका स्वयंसेवी संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या आयफोनवर पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर आढळलं. त्या माणसाने कुठल्याही लिंकला हात लावलेला नव्हता; असं बिघडवलेलं चित्र फोनवर येणंच पुरलं होतं. ॲपलने ७ सप्टेंबरला आयओएसची (आयफोनच्या सिस्टिमची) १६.६.१ ही आवृत्ती काढली, गूगलने ११ तारखेला क्रोम दुरुस्त केलं आणि ऑक्टोबरच्या सुरक्षा यादीत अँड्रॉइडची दुरुस्ती आली. या कोडवर वर्षानुवर्षं रात्रंदिवस आपोआप चाचण्या चालू होत्या. लाखो वेडीवाकडी चित्रं त्याच्यापुढे टाकली जात होती. तरीही ही चूक निसटली. टेस्टिंगमध्ये राहून मी एवढं शिकले आहे, की 'आता एकही बग नाही' असं कुणी म्हणत असेल तर त्याने नीट शोधलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. ज्या दिवशी दुरुस्ती जाहीर होते, त्या दिवशी भोक कुठे होतं हेही जाहीर होतं. जुना कोड आणि नवा कोड शेजारी ठेवले की काय बदललं ते जाणकाराला दिसतं. त्या दिवसापर्यंत ते भोक मोजक्या लोकांना माहीत असतं, त्यानंतर कुणालाही. म्हणजे ज्याने अपडेट घेतलं त्याचा धोका त्या दिवशी संपतो, आणि ज्याने घेतलं नाही त्याचा धोका त्याच दिवशी वाढतो. मावशीचा फोन चौदा महिने असा होता. त्या चौदा महिन्यांच्या चौदा याद्या इंटरनेटवर कुणालाही वाचायला उघड्या आहेत. तिच्या फोनमध्ये पेन्शनचं खातं आहे.

पेगासस मोठ्या लोकांसाठी असतं, आपल्यामागे कोण लागणार, असं काका म्हणाले. एवढी महागडी हेरगिरी त्यांच्यावर कुणी करणार नाही, हे खरं. पण महागडी युक्ती एकदा जाहीर झाली की स्वस्त होते. आपल्या केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था अँड्रॉइडमधल्या त्रुटींबद्दल वारंवार इशारे काढते आणि त्यांत एकच उपाय सांगते: अपडेट घ्या.

आणि इंजिनिअर काहीच शिकत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी: मेमरीतल्या अशा गोंधळामुळे होणाऱ्या त्रुटींचं अँड्रॉइडमधलं प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होतं, ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं, असं गूगलने प्रसिद्ध केलं आहे. नवा कोड रस्टसारख्या, अशा चुका सहसा होऊच न देणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत लिहायला घेतल्यामुळे हे झालं.

"अपडेट म्हणजे फोन स्लो करण्याचा डाव."

इथे अर्धं सत्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या एका आयओएस अपडेटपासून बॅटरी जुनी झालेले काही आयफोन हळू चालू लागले. ॲपलने ते डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं. बॅटरीवर ताण येऊन फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेग कमी केला, असं त्यांचं म्हणणं. पण ग्राहकांना न सांगता केलं, हा गुन्हाच. फ्रान्सने त्याबद्दल २.५ कोटी युरोचा दंड केला. इटलीने २०१८ मध्ये ॲपल आणि सॅमसंग दोघांनाही अपडेटमुळे फोन मंदावल्याबद्दल दंड ठोठावला. ही चीड रास्त आहे.

पण यावरून सगळं अपडेटच बंद करायचं का? त्याच ॲपलने सप्टेंबर २०१३ मध्ये आलेल्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षा अपडेट दिलं. नवीन फोन विकायचा एवढाच हेतू असता, तर नऊ वर्षांच्या फोनमधली भोकं कोण बुजवत बसलं असतं? मेसेज लिहिणाऱ्याने तीन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या आहेत. ॲपचं अपडेट वेगळं, महिन्याची सुरक्षा दुरुस्ती वेगळी, आणि अँड्रॉइडची किंवा आयओएसची नवी आवृत्ती वेगळी. जुना फोन मंदावण्याची भीती मुख्यतः तिसऱ्या प्रकारात असते. ती आल्या आल्या घेऊ नका, दोन आठवडे थांबा, लोकांचे अनुभव पाहा. पहिल्या दोन्हींसाठी थांबू नका.

"हिरवी रेघ येते, फोन कायमचा बंद पडतो."

अपडेटनंतर स्क्रीनवर रेघ आल्याच्या तक्रारी भारतात खूप झाल्या, आणि काही मॉडेल्सचे स्क्रीन मोफत बदलूनही दिले गेले. बिघडलेली अपडेट्सही येतात. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ टाकल्यावर आयफोन ६ वाल्यांचं नेटवर्कच गेलं. ॲपलने ते तासाभरात मागे घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती दिली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल ४ए वर सक्तीचं अपडेट आलं आणि काही फोनांची बॅटरी अर्ध्या दिवसावर आली. म्हणून फोटोंचा बॅकअप ठेवा, चार्जिंग भरपूर असताना अपडेट टाका. एवढी काळजी पुरे.

"फोटो कंपनीकडे जातात." फोटो न्यायला अपडेट कशाला हवं? विजेरीचं ॲप टाकताना तुम्ही 'परवानगी द्या' दाबलं, तेवढं पुरतं. ती परवानगी आज काढा.

"अपडेटच्या लिंकमुळे खातं रिकामं झालं."

हे घडतं, आणि मेसेजमधलं एवढं एकच वाक्य मी स्वतः दहा जणांना पाठवेन. वाहनाचं ई-चलन, बँकेचं केवायसी, ॲपचं नवीन अपडेट अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, येते. ती टाकली की ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी चोराकडे जातात. पण ते अपडेट नसतंच. फोनचं अपडेट सेटिंगमधून येतं, ॲपचं प्ले स्टोअरमधून किंवा ॲप स्टोअरमधून. व्हॉट्सॲपवर, एसएमएसवर किंवा फोन करणाऱ्या 'बँकेच्या साहेबां'कडून कधीच येत नाही. चोराने पोस्टमनचा गणवेश घातला म्हणून पोस्टमनला गावबंदी करा, असा त्या मेसेजचा सल्ला आहे.

त्या दुपारी मी मावशीचा फोन चार्जिंगला लावून बसले. आधी ॲप्स केली, मग सिस्टिमची अपडेट्स. एक झालं, फोन बंद होऊन चालू झाला, लगेच दुसरं आलं. दीड तास गेला. शेवटी 'तुमचा फोन अद्ययावत आहे' असं आलं, तेव्हा सुरक्षेची तारीख पाहिली. आठ महिन्यांपूर्वीची. पुढे काहीच येईना. कंपनीने या मॉडेलला अपडेट देणं थांबवलं होतं. फोन घेऊन जेमतेम चार वर्षं झाली आहेत, काचेला ओरखडासुद्धा नाही.

ग्रुपवर संताप करायचा तर यावर करायला हवा. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट मिळत राहिली पाहिजेत. सॅमसंग आणि गूगल आपल्या महागड्या फोनांना ७ वर्षांचं वचन देतात. दहा-बारा हजारांचा फोन घेणाऱ्या पेन्शनरला आपल्याकडे असं वचन कोण देणार? फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे आपण विचारतो, अपडेट किती वर्षं मिळणार हे दुकानात विचारताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

बँकेचं ॲप मावशीच्या फोनमधून काढून काकांच्या नव्या फोनवर टाकून दिलं. दिवाळीत तिच्यासाठी फोन घ्यायचा ठरला आहे. निघताना ती म्हणाली, "ग्रुपवर मी काय लिहू? तू लिहून दे, मी पाठवते." तेच हे.