पोराला गरम भातापासून कसं वाचवाल?

बेळगाव सीमाभागातल्या सुज्ञ पालकांनो, जून उजाडला की तुमच्यापुढं एक संकट उभं राहतं. घरापासून चार पावलांवर सरकारी मराठी शाळा, तिथं दुपारी फुकट गरम जेवण, आणि सांबाराच्या फोडणीचा वास थेट गल्लीच्या तोंडापर्यंत. वेळीच सावध झाला नाहीत तर पोर तिथं जाऊन बसेल, पोटभर जेवेल, आणि जाता जाता मराठी वाचायलाही शिकेल. पुढं तोंड कुठं दाखवणार?

तर आधी अंतर वाढवा. सात-आठ किलोमीटरवरची एखादी इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा गाठा. दुपारच्या जेवणाची योजना सरकारी आणि अनुदानित शाळांपुरती आहे, त्यामुळं रग्गड फी भरली की भाताचा धोका टळला म्हणून समजा. मग राहतो डबा. व्हॅन साडेसातला येते, म्हणजे घरच्या बाईनं पाचला उठायचं. (तुम्ही उठू नका. तुम्ही फी भरली आहे.) शाळेची चिठ्ठी आलेलीच असते: वासाचं नको, रश्श्याचं नको, हाताला तेल लागेल असं नको. म्हणजे झुणका बाद, आमटी बाद, ठेच्याचं तर नावच काढायचं नाही. उरले नूडल्स. ते दहा वाजेपर्यंत डब्याचा आकार घेतात आणि झाकण उघडून उपडे केले की वीट निघते. संध्याकाळी ती वीट जशीच्या तशी घरी येते. आज्जी म्हणते, "गरम भात सोडून पोराला गार विटा चावाय लावल्यात की रे!" तिचं मनावर घेऊ नका. शाळेच्या ॲडमिशनच्या मुलाखतीला आज्जीला बोलावत नाहीत, ते उगाच नाही.

मग त्या दुसऱ्या शाळेला नावं ठेवायला शिका. 'भाताची शाळा' हे नाव आपल्याकडं चांगलं रुळलंय, तेच वापरा. फक्त योजनेचं खरं नाव पोरासमोर उच्चारू नका. अक्षर दासोह. पोरं चौकस असतात, अर्थ विचारतात. दासोह म्हणजे भीक नव्हे. बसवेश्वरांच्या अनुयायांच्या, म्हणजे शरणांच्या परंपरेत आपल्या कष्टातलं समाजापुढं ठेवणं, तेही देतोय असा तोरा न मिरवता, याला दासोह म्हणतात. एवढं कळलं तर पोराच्या मनातून 'फुकट' हा शब्द उडून जाईल. तसंच २८ नोव्हेंबर २००१ ची गोष्टही लपवा. त्या दिवशी सुप्रीम कोर्टानं राज्यांना बजावलं की पोरांना कच्चं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या. कर्नाटकात ते २००२ मध्ये ईशान्येकडच्या जिल्ह्यांत सुरू झालं आणि २००३ मध्ये आपल्याकडं आलं. त्याआधी महिन्याला ३ किलो तांदूळ घरी जायचे. मी तेव्हा खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत होतो, पिशवी डोक्यावर घेऊन निम्म्या वाटेत सांडत यायचो. पहिल्यांदा शाळेतच पान वाढलं तेव्हा पाटलाचा पोरगा आणि ज्याच्या घरचं पाणीही कुणी प्यायचं नाही तो, असे आम्ही एका रांगेत मांडी घालून बसलो. पाटलाची आई दोन दिवस धुसफुसली. तिसऱ्या दिवशी पोरगाच घरी जेवायला जाईना. बघा, भातानं असे घोटाळे होतात.

आकड्यांपासूनही लांब राहा. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असा हिशेब कागदावर आहे. २०१३ पासून दूध आहे, १८ ग्रॅम पावडरीचं १५० मिली. २०२४ मध्ये त्यात आठवड्यातून तीन दिवस नाचणीचं माल्ट पडायला लागलं. ही नाचणी आपल्या बापजाद्यांनी 'गरिबाचं खाणं' म्हणून टाकली आणि आपण ती मॉलमधून डब्यात आणतो, म्हणून दुधातली स्वस्त नाचणी पोराला दाखवू नये. आता त्या २० ग्रॅम डाळीतली सांबारात किती उतरते, हा प्रश्न रास्त आहे. काही ठिकाणी डाळ चमच्यानं नव्हे, नजरेनं शोधावी लागते. पण तो प्रश्न शाळेत जाऊन विचारू नका. एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीची बैठक असते, तिथं पालकच सदस्य असतात, वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घेऊन बघावी अशी सोयही आहे. तिथं गेलात तर सांबार दाट होण्याची भीती आहे. तक्रार कट्ट्यावरच करा, चहा पिता पिता.

अंड्याबद्दल मात्र मत हवंच. सरकार आठवड्यातले दोन दिवस अंडं देत होतं, २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशाची भर पडून सहाही दिवस मिळायला लागलं. ज्याला नको त्याला केळ. म्हणजे कुणावर जबरदस्ती नाही, आणि नेमकं हेच खटकलं पाहिजे. आपलं पोर त्या शाळेत नाही, आपण रविवारी सावजी हाटेलात रांगेत उभे असतो, तरी दुसऱ्याच्या पोरानं अंडं खावं का यावर आपलं ठाम म्हणणं असावं. तेव्हा एका अंड्यामागं सहा रुपये धरले होते, त्यात सोलण्याचे ३० पैसे. गरम अंडी सोलून बोटं पोळलेल्या, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या आक्काला ३० पैसे जास्त होतात की कमी, यावर मात्र आपलं काही म्हणणं नसतं.

त्या आक्काकडं तर बघूच नका. केंद्राच्या हिशेबात तिचं मानधन महिना १००० रुपये, तेही वर्षातले १० महिने. २००९ साली ठरलेला आकडा वर्षानुवर्षं तिथंच मांडी घालून बसलाय. वरचे राज्य घालतं म्हणून चूल पेटते. उरलेले दोन महिने ती काय खाते, हे तिच्या पातेल्याला माहीत.

आता शेवटचं, आणि इथं खरी कसोटी आहे. मराठीवरचं प्रेम सोडायचं नाही. २०१४ साली बेळगावचं 'बेळगावी' झालं, नावाला एक वेलांटी वाढली, तेव्हा आपण किती पेटलो होतो! तसंच पेटत राहा. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत बांधा. शेजारच्या मराठी शाळेचा पट नऊवर आला, ती दुसऱ्या शाळेत मिसळणार असं कानावर आलं, की सगळ्यांत पुढं तुम्हीच हवेत. 'मराठी शाळा वाचवा' असा फलक घ्या, फाटकासमोर उभे राहा, फोटो काढून घ्या.

एकच सांभाळा. बाराच्या सुमाराला आत फोडणी पडेल. तुम्ही सकाळपासून घोषणा देऊन भुकेजलेले असाल. आक्का पदराला हात पुसत फाटकाशी येईल आणि म्हणेल, "ताटं नऊच लागत्यात आता, भात उरतोय. जेवून जावा की." नको म्हणा. मग ती सहजच विचारेल, "तुमचं कुठलं पोर हितं शिकतंय, सावकार?"

तेव्हा घड्याळ बघावं. व्हॅन यायची वेळ झाली म्हणावं, आणि फलक तिथंच भिंतीला टेकवून निघावं.