अल्ब्युमिन कमी आलं म्हणजे प्रोटीन कमी खाल्लं, असं नसतं हो

पायावर, चेहऱ्यावर सूज आणि रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन (लिव्हरमध्ये बनणारं, रक्तातलं मुख्य प्रोटीन) कमी असेल तर काय करायचं, यावर एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं की ही फक्त आहारातली कमतरता आहे, प्रोटीन पावडर सुरू करा, अशक्तपणा जायला फॅटही भरपूर घ्या, लघवी आणि लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल असतील तर पुढे काही तपासायची गरज नाही आणि आतड्याचा आजार असता तर जुलाब झालेच असते. फारच घाई झाली तर अल्ब्युमिनची बाटली लावा, संपला विषय. हे वाचून कोणी तपासणी पुढे ढकलू नये म्हणून एकेका मुद्द्यावर लिहितोय.

पहिला मुद्दा, कमी खाल्ल्यामुळे अल्ब्युमिन घसरतं. खाण्याकडे बघायला हवंच, पण अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा (खाणं फार कमी करण्याचा मानसिक आजार) असलेल्या, अगदी हाडं दिसेपर्यंत वजन उतरलेल्या पेशंटमध्येही अल्ब्युमिन बऱ्याचदा नॉर्मल सापडतं. त्यामुळे जो माणूस बरं जेवतोय आणि तरी ज्याचं अल्ब्युमिन 3.5 या नॉर्मलच्या खालच्या मर्यादेच्या (ग्रॅम प्रति डेसिलिटर) खूप खाली 2 च्या आसपास आलंय, त्याला "नीट खात नाहीस" म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. एक शक्यता अशी की रक्तातलं प्रोटीन आतड्यात झिरपून जातंय. याला प्रोटीन लूझिंग एन्टेरोपॅथी म्हणतात. हा स्वतंत्र एक आजार नाही, वेगवेगळ्या आजारांमुळे होणारी एकच गळती आहे.

आता प्रोटीन पावडर. इथे जरा थांबतो कारण सगळा घोळ इथेच आहे. लिव्हर रोज साधारण 10 ते 15 ग्रॅम अल्ब्युमिन बनवतं आणि एकदा बनलेलं अल्ब्युमिन रक्तात बराच काळ टिकतं, त्यातलं निम्मं संपायला साधारण 20 दिवस लागतात. नॉर्मल माणसातही थोडंसं आतड्यातून जातं, ते सहज भरून निघतं. गळती खूप वाढली की लिव्हर वेग वाढवतं पण फार तर दुप्पट, त्यापुढे त्याला जमत नाही. आणि आतड्यात गळलेलं प्रोटीन तिथेच पचतं, त्यातली अमिनो अ‍ॅसिड बऱ्यापैकी परत शोषली जातात, म्हणजे अडचण मुख्यतः कच्च्या मालाची नसतेच, तयार झालेला माल टिकत नाही ही आहे. या पेशंटना डॉक्टर आणि डायटीशियन जास्त प्रोटीनचा आहार सांगतात हे खरं, तो घ्यायलाच हवा, पण नुसत्या पावडरच्या डब्याने गळती थांबत नाही.

लघवी आणि लिव्हर नॉर्मल म्हणून निश्चिंत राहा, हे तर उलटंच आहे! लघवीतून प्रोटीन जात नाहीये, लिव्हर बनवतंय, आहार बरा आहे, मग जातंय कुठे, हा प्रश्न तिथेच सुरू होतो. किडनीतून गळताना मुख्यतः छोटी प्रोटीन जातात, आतड्यातून मात्र छोटी मोठी सगळी जातात, म्हणून अल्ब्युमिनबरोबर ग्लोब्युलिन (रक्तातल्या प्रोटीनचा दुसरा मोठा गट) पण खाली आलं असेल, आयजीजी (त्यातली एक अँटीबॉडी) कमी असेल तर आतड्याचा संशय वाढतो. लिम्फच्या (शरीरातून गोळा होऊन परत रक्तात जाणारा द्रव) नळ्यांचा त्रास असेल तर लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पण कमी होतात. यासाठी स्टूलमधलं अल्फा-वन अँटीट्रिप्सिन तपासतात. हे रक्तातलंच प्रोटीन, पण आतड्यात पचत नाही, त्यामुळे स्टूलमध्ये जास्त सापडलं की गळती पकडली जाते. शक्यतो 24 तासांचं स्टूल आणि सोबत रक्ताचं सॅम्पल घेतात. नेहमीच्या स्टूल रुटीनमध्ये हे येत नाही, वेगळं लिहून द्यावं लागतं. आणि गळती जठरातून असेल तर तिथलं अ‍ॅसिड हे प्रोटीन नष्ट करतं, म्हणून तेव्हा अ‍ॅसिड कमी करणारं औषध देऊन टेस्ट करतात.

जुलाब नाहीत म्हणजे आतडं ठीक, हेही चूक. कित्येकांना फक्त सूज असते. जन्मतः हृदयात एकच पंप नीट असलेल्या मुलांचं फोंटान ऑपरेशन होतं, त्यातल्या काहींना कित्येक वर्षांनी ही गळती सुरू होते, कारण शिरांमधला दाब वाढून आतड्यातला लिम्फ तुंबतो. अशा मुलाच्या अंगावर किंवा पोटात सूज दिसली तर घरचे उपाय करत बसू नका प्लीज, त्याच्या हार्टच्या डॉक्टरांना लगेच कळवा.

फॅटचा सल्ला काहींना सरळ त्रास देईल. नेहमीचं फॅट आतड्यातून लिम्फच्या नळ्यांमधून वर जातं, आणि त्या नळ्याच फुगलेल्या असतील (इंटेस्टायनल लिम्फँजिएक्टेशिया, 1961 मध्ये वाल्डमन यांनी याचं वर्णन केलं) तर जास्त फॅट म्हणजे जास्त दाब, जास्त गळती. म्हणून त्यांना कमी फॅट आणि सोबत एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीचं वेगळं फॅट) देतात, ते थेट लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत शोषलं जातं. हे सगळ्याच कारणांना लागू नाही, त्यामुळे स्वतःहून तेही सुरू करू नये.

बाटलीबद्दल थोडक्यात, शिरेतून दिलेलं अल्ब्युमिनही त्याच वाटेने गळतं. सूज फार असेल तेव्हा तात्पुरता आधार म्हणून देतात, बस.

मुख्य उपचार कारण सापडल्यावर ठरतो. सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रोटीनमुळे आतडं बिघडण्याचा आजार) असेल तर ग्लूटेन बंद, क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज येण्याचा आजार) असेल तर त्याची औषधं, हृदयाभोवतीचं आवरण आवळलं गेलं असेल तर ते काढायचं ऑपरेशन. सीडी 55 हे पेशींवरचं प्रोटीन नसल्यामुळे होणारा चॅपल नावाचा अगदी दुर्मिळ आजार आहे, त्याच्यासाठी सुद्धा 2023 मध्ये अमेरिकेत पोझेलिमॅब हे औषध मंजूर झालं.