सह्या कराव्यात, पण बेताने

आपल्या हाती एखाद्या देशाचा कारभार असेल आणि लैंगिक अल्पसंख्याकांना भेदभावापासून वाचवण्याची कटकट नको असेल, तर आंतरराष्ट्रीय करारांना मुळीच भिऊ नये. उलट त्यांच्यावर सढळ हाताने सह्या कराव्यात. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या करारात लैंगिक कलाचा नावानिशी उल्लेख नाही आणि केवळ याच विषयाला वाहिलेला, साऱ्या जगाला बंधनकारक असा करार आजवर झालेलाच नाही, ही मोठीच सोय आहे.

मात्र त्या कराराच्या पहिल्या ऐच्छिक प्रोटोकॉलपासून, म्हणजे त्याला जोडलेल्या वेगळ्या करारापासून, दूर राहावे, कारण त्यामुळे साध्या नागरिकालाही थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे तक्रार करता येते. ऑस्ट्रेलियाने तो भाबडेपणा केला. तिथे हा प्रोटोकॉल २५ डिसेंबर १९९१ रोजी लागू झाला आणि तिथल्या टास्मानिया राज्याच्या निकोलस टूनेन यांच्या तक्रारीवर नेमकी तीच तारीख आहे. (नाताळच्या दिवशीही स्वस्थ न बसणाऱ्या नागरिकांपासून राज्यकर्त्यांनी जपून असावे.) प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणे हा खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे, असे समितीने १९९४ मध्ये सांगितले, आणि जिच्यापाशी ना पोलीस ना तुरुंग, अशा समितीच्या मतानंतर तीनच वर्षांत टास्मानियाचा तो कायदा रद्द झाला.

लैंगिक अल्पसंख्याकांना मानवी हक्क कसे लागू होतात हे सांगणाऱ्या २००७ च्या योग्यकार्ता तत्त्वांचा गौरव मात्र जरूर करावा. ती तज्ज्ञांनी लिहिली असून त्यांवर एकाही सरकारची सही नाही. त्यामुळे ती मोडल्याचा ठपका येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा ठरावीक काळाने आढावा होतो, त्यात इतर देश दंडविधानातील समलिंगी संबंधांविरुद्धचे ‘ते’ कलम काढण्याची शिफारस करतील. तिथे शिफारस फेटाळण्याचा उद्धटपणा करावा लागत नाही. ‘नोंद घेतली’ एवढे कळवले की भागते, आणि पुढचा आढावा येईपर्यंत चार-साडेचार वर्षे सहज निघून जातात. परिषदेने २०१६ मध्ये २३ विरुद्ध १८ मतांनी याच भेदभावावर नेमायचे ठरवलेला स्वतंत्र तज्ज्ञही निमंत्रणाशिवाय अधिकृत दौऱ्यावर येऊ शकत नाही, तेव्हा निमंत्रणाचा मसुदा सतत विचाराधीन ठेवावा.

एवढ्यावरही कोणी अडवलेच, तर संस्कृतीचा आधार घ्यावा. असली कलमे अनेक देशांत ब्रिटिश राज्यकर्त्यांनीच आणली, असे एखादा अभ्यासक दाखवून देईल. त्याला तत्काळ परकीय विचारांचा हस्तक ठरवावे.